'द बॉडी इन द लायब्ररी'ची कोणती प्रत घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अगाथा ख्रिस्तीच्या म्हाताऱ्या डिटेक्टिव्ह मिस मार्पल यांच्यावर बीबीसीने केलेल्या, जोन हिक्सन यांची प्रमुख भूमिका असलेल्या 'मिस मार्पल'मधली 'द बॉडी इन द लायब्ररी' ही तीन भागांची मालिका प्रश्नकर्त्याकडे जुन्या डीव्हीडीवर आहे. ५५ इंची टीव्हीवर चित्र मऊ दिसतं, कोटांच्या कापडावर इंद्रधनुषी पट्टे सरकतात, कोणी पटकन वळलं की क्षणभर दोन डोकी दिसतात. बहीण न्यू जर्सीत राहते, मित्र लंडनला. कोणाकडून काय मागवावं? ब्लू-रेने खरंच फरक पडेल, की चाळीस वर्षांपूर्वीची टीव्ही मालिका आहे म्हणून ती अशीच दिसणार?

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देतो. अशी दिसायला नको. ही मालिका १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेली आहे आणि फिल्मवर जे उतरलं, त्यातलं बरंचसं तुमच्या डीव्हीडीपर्यंत पोचलेलंच नाही. मी टेलिसिनेच्या, म्हणजे फिल्म व्हिडिओवर उतरवणाऱ्या मशीनवर काम शिकलो, पुढे स्कॅनर आणि कलर ग्रेडिंगकडे, म्हणजे चित्राचे रंग-उजेड जुळवण्याकडे वळलो. ही मालिका माझ्या हातून गेलेली नाही, पण १६ मिमीची निगेटिव्ह भरपूर गेली. त्या फिल्ममध्ये किती जीव असतो आणि तो कुठे कुठे गळतो, हे रोजच्या कामातून कळतं.

ब्रिटिश टीव्हीच्या त्या काळातल्या सगळ्याच मालिकांबद्दल मात्र असं म्हणता येत नाही. सत्तरच्या दशकात बीबीसीची पद्धत ठरलेली होती: घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर, बाहेरचे प्रसंग १६ मिमी फिल्मवर. लॉर्ड पीटर विम्झी या डिटेक्टिव्हची १९७२ची मालिका 'क्लाउड्स ऑफ विटनेस' पाहा. पात्रं दाराबाहेर पडली की चित्राची जातच बदलते. आतलं गुळगुळीत आणि सलग, बाहेरचं दाणेदार आणि किंचित मळकट. यातला व्हिडिओवरचा भाग पाल या ब्रिटिश टीव्हीच्या पद्धतीच्या ५७६ दृश्य ओळींत बांधलेला आहे. त्यापलीकडे तपशील नोंदलाच गेला नाही, त्यामुळे कितीही महागडी डिस्क काढली तरी तो येणार नाही. हिक्सनबाईंच्या मालिकेचं नशीब चांगलं. १९८४ ते १९९२ या काळात मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्या झाल्या, त्या घरात-बाहेर दोन्हीकडे फिल्मवर. सुरुवात याच कथेने झाली. २६ ते २८ डिसेंबर १९८४, लागोपाठ तीन दिवस. हिक्सन तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या.

आता तुमच्या डिस्ककडे येऊ. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळ्या टप्प्यांवरची आहेत.

इंद्रधनुषी पट्टे हे जुन्या टेपचं लक्षण. ऐंशीच्या दशकात फिल्म टेलिसिनेवरून प्रसारणाच्या टेपवर उतरवली जायची आणि त्या टेपवर रंग आणि उजेड एकाच सिग्नलमध्ये गुंफलेले असायचे. त्याला कॉम्पोझिट म्हणतात. पुढे ते दोन्ही वेगळे काढताना बारीक रेघांच्या कापडात उपकरणाची फसगत होते. उजेडाची बारीक नक्षी त्याला रंग वाटते. ट्वीडचे कोट आणि बारीक चौकटी-रेघांची जाकिटं हे तर मिस मार्पलच्या गावाचं रोजचं वस्त्र. सेंट मेरी मीड म्हणून हॅम्पशरमधलं नेदर वॉलप दाखवलंय, तिथल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या अंगावर हा त्रास आहे. पट्टे दिसतात याचा अर्थ तुमची डिस्क फिल्मवरून नव्हे, जुन्या टेपवरून केलेली आहे.

दोन डोकी ही पुढच्या टप्प्यावरची करणी. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे पाल, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, सेकंदाला जवळपास ३०. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करताना जुनी यंत्रं शेजारच्या दोन क्षणांची चित्रं एकमेकांत मिसळून मधलं चित्र बनवायची. स्थिर प्रसंगात कळतही नाही. कोणी मान वळवली की जुन्या आणि नव्या जागेवरची दोन्ही डोकी एकाच चौकटीत दिसतात. म्हणून मी पैजेवर सांगतो, तुमचा संच अमेरिकी आहे. पाकीट उलटं करा, मागे एनटीएससी लिहिलेलं सापडेल. बहिणीनेच कधीतरी आणला असावा.

मऊपणाला मात्र एकच कारण नाही. एनटीएससी डीव्हीडीत उभ्या ओळी ४८० उरतात, म्हणजे ९६ तिथेच गेल्या. त्यातून १६ मिमीची चौकट ३५ मिमीच्या चौकटीच्या क्षेत्रफळाने चौथ्या-पाचव्या हिश्श्याची, म्हणून फिल्मचे दाणे मोठे दिसतात. डीव्हीडीची चित्र दाबून लिहिण्याची एमपीईजी-२ पद्धत या दाण्यांना घाबरते. प्रत्येक चौकटीत दाणे नव्या जागी असतात, त्यामुळे प्रत्येक चौकट तिला नव्याने लिहावी लागते आणि जागा पुरत नाही.

जागेचा हिशेब करून पाहा. तीन भाग मिळून साधारण अडीच तास. एकपदरी डिस्कवर ४.७ गिगाबाइट, म्हणजे सेकंदाला सव्वाचार मेगाबिटच्या आत, त्यातच आवाज आणि मेनू. दुपदरी डिस्कवर ८.५ गिगाबाइट, म्हणजे साडेसातच्या आसपास. सव्वाचारमध्ये १६ मिमी बसवायची तर डिस्क बनवणारा आधी दाणे पुसून घेतो. दाण्यांबरोबर ट्वीडचा पोत जातो, भिंतीवरच्या कागदाची नक्षी जाते आणि हिक्सनबाईंच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही जातात. चित्र मऊ झालं म्हणून मग कोणीतरी धार वाढवतो आणि प्रत्येक आकृतीभोवती पांढरी किनार उमटते. एका डिस्कवर दोन-तीन मालिका कोंबलेले स्वस्त संच मी म्हणूनच हातात घेत नाही.

यावर कोणी म्हणेल, गोष्ट कळली म्हणजे झालं, सुरकुत्या मोजायच्या आहेत का? इतर मालिकांना ते चालेल. खुनाच्या रहस्यकथेत चालत नाही, कारण तिथे प्रेक्षकाशी एक करार असतो: जे डिटेक्टिव्हला दिसतं ते आपल्यालाही दाखवायचं. या कथेत कर्नल बँट्रींच्या वाड्यात, वाचनालयातल्या शेकोटीपुढच्या गालिच्यावर एका अनोळखी सोनेरी केसांच्या मुलीचं प्रेत सापडतं. न पाहिलेल्यांसाठी उलगडा सांगत नाही. एवढंच म्हणतो की मिस मार्पल त्या प्रेताकडे अगदी जवळून, घरातली बाई घरातल्या मुलीकडे पाहील तसं पाहतात. अंगावरचा पोशाख कसा आहे, हात कसे आहेत, केसांचा रंग कसा आहे, हे सगळं त्यात आलं. कादंबरीत तो पोशाख पांढऱ्या सॅटिनचा, चमचमत्या टिकल्यांचा आहे. आता विचार करा, पांढरं चमकदार कापड, त्यावर बारीक टिकल्या आणि निर्जीव बोटं. दाणे पुसणारा फिल्टर नेमकं हेच आधी खातो. इन्स्पेक्टर स्लॅकना जे दिसत नाही ते प्रेक्षकालाही दिसू नये, याची व्यवस्था डिस्कवाल्याने करून ठेवलेली असते.

अंधाराचंही तेच. जुन्या मालिकांत रात्रीचे काही प्रसंग दिवसा चित्रित करून प्रयोगशाळेत काळे केलेले असायचे. निगेटिव्हवर तो प्रसंग लख्ख दिवसाचाच असतो. नव्याने ग्रेडिंग करणाऱ्याने जुनी प्रत शेजारी लावून पाहिली नाही, तर रात्री चोरपावलांनी चाललेला माणूस भर दुपारी फिरायला निघाल्यासारखा दिसतो. उलट बाजूला प्लेअर आणि टीव्ही यांच्यात काळ्या रंगाची पातळी जुळलेली नसली की सावलीतला माणूस संपूर्ण नाहीसा होतो. हा दोष डिस्कचा नसतो, सेटिंगचा असतो. एचडीएमआयची रेंज दोन्हीकडे 'लिमिटेड' किंवा दोन्हीकडे 'फुल' ठेवा; एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी असं नको. डिस्कला शिव्या घालण्याआधी हे दोन मिनिटांचं काम उरकून घ्यावं.

ब्लू-रेकडे वळू. हिक्सन यांची मालिका ब्लू-रेवरही आलेली आहे. पण पाकिटावर ब्लू-रे छापलंय एवढ्याने काही सिद्ध होत नाही. जुनी टेप फुगवूनही ब्लू-रे काढता येते. फिल्म नव्याने स्कॅन झाली आहे का, हा खरा प्रश्न. ब्रिटनमध्ये फिल्मवर चित्रित होणारं नाट्य तेव्हा सहसा फिल्मवरच कापलं जायचं, जोडलेलं निगेटिव्ह तयार व्हायचं, त्यामुळे पुन्हा स्कॅन करायला सबंध वस्तू हाताशी असते. अमेरिकेत त्याच दशकात अनेक मालिका फिल्मवर चित्रित करून संकलन मात्र व्हिडिओ टेपवर करायचे. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चं तसंच झालं. २०१२ पासून तिच्या ब्लू-रे आल्या, त्यासाठी मूळ निगेटिव्ह शोधून, स्कॅन करून, प्रत्येक भाग पुन्हा जोडावा लागला. इतका खर्च प्रत्येक मालिकेच्या नशिबी नसतो.

स्कॅन कशावरून झालं ते पडद्यावर ओळखता येतं. धुळीचे ठिपके पाहा. निगेटिव्हवर बसलेली धूळ चित्रात पांढरी दिसते, प्रिंटवर, म्हणजे निगेटिव्हवरून दाखवण्यासाठी काढलेल्या प्रतीवर, बसलेली काळी. पांढरे ठिपके अधूनमधून दिसले तर वाईट वाटून घेऊ नका, ते निगेटिव्हजवळ असल्याचं चिन्ह आहे. काळे ठिपके, उभे ओरखडे आणि सावल्यांत काहीच न दिसणं हे एकत्र आलं तर कोणीतरी दाखवून झिजलेली प्रिंट स्कॅन केली आहे. अजून एक खूण. १६ मिमीचं निगेटिव्ह बहुधा ए आणि बी अशा दोन रिळांत जोडतात, एक शॉट एका रिळावर, पुढचा दुसऱ्यावर. एक दृश्य विरघळून दुसरं उमटतं ते प्रिंट काढताना या दोन रिळांतून तयार होतं. निगेटिव्हवरून स्कॅन केलं तर हे विरघळणं नव्याने संगणकात करावं लागतं. ते मूळ लांबीचं आणि मूळ गतीचं केलं असेल, तर काम करणारा माणूस काळजी घेणारा होता असं समजा.

१६ मिमीसाठी ४के हवंच का, असंही विचारतात. माझ्या मते नाही. १०८० ओळींच्या चित्रात या फिल्ममधला जवळजवळ सगळा तपशील येतो. ४केमध्ये फक्त दाण्यांच्या कडा अधिक रेखीव दिसतात. पैसे ठेवून द्या.

आता न्यू जर्सी की लंडन. इथे एक तांत्रिक गोम आहे आणि तिच्यापायी चांगल्या डिस्क बदनाम होतात. ब्रिटिश टीव्हीसाठीची फिल्म सेकंदाला २५ चौकटींनी चित्रित व्हायची. ब्लू-रेच्या मूळ नियमांत १०८० ओळींना २४ चौकटींची सलग पद्धत आहे, २५ची नाही. त्यामुळे २५ चौकटींची मालिका जशीच्या तशी ठेवायची तर ती १०८०आय म्हणून, ५० अर्धचित्रांच्या रूपात भरावी लागते. पाकिटावर 'आय' दिसला की जाणकार म्हणवणारे लोक नाकं मुरडतात. फिल्मच्या बाबतीत ती दोन्ही अर्धचित्रं एकाच चौकटीची असतात. नीट प्लेअर ती पुन्हा सांधतो आणि काहीही हरवत नाही. मला तर अशा मालिकेच्या पाकिटावर १०८०आय दिसलं की बरं वाटतं.

अमेरिकेतल्या अनेक टीव्हींना ५०चा ठेका चालत नाही, म्हणून तिकडच्या बाजारासाठी कधी कधी मालिका २४वर हळू केली जाते. ५० मिनिटांचा भाग मग ५२ मिनिटांचा होतो. आवाजाचा सूर दुरुस्त केला नसेल तर तोही उतरतो. किती? पेटीवर काळी एक आणि पांढरी एक यांच्यात जेवढं अंतर आहे त्याहून थोडा कमी. संवादात तो बहुतेकांना कळणार नाही. केन हॉवर्ड आणि अ‍ॅलन ब्लेक्ली यांचं शीर्षकसंगीत ज्यांच्या कानात बसलंय त्यांना पहिल्या ओळीतच कळेल. तरीही हळू केलेली प्रत दोन डोक्यांच्या प्रतीपेक्षा कितीतरी बरी, कारण तिच्यात प्रत्येक चौकट शाबूत असते. टाळायची ती सेकंदाला ३०च्या ठेक्यात मिसळून काढलेली.

आपल्याकडे पाल असल्यामुळे टीव्ही ५०चा ठेका बिनबोभाट घेतात. तेव्हा लंडनहून आलेली प्रत तांत्रिकदृष्ट्या आपल्याला सोयीची. अडचण विभागांची, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणाऱ्या कुलपांची आहे. डीव्हीडीत भारत विभाग ५, ब्रिटन विभाग २, अमेरिका विभाग १. ब्लू-रेत भारत सी, ब्रिटन बी, अमेरिका ए. म्हणजे इथे घेतलेल्या प्लेअरवर दोघांच्याही डिस्क नियमाने चालणार नाहीत. डीव्हीडीचं कुलूप पुष्कळ प्लेअरमध्ये रिमोटवरून काढता येतं. ब्लू-रेचं कुलूप हट्टी असतं. काही ब्लू-रे सर्व विभागांसाठी मोकळ्या असतात, पाकिटाच्या मागे ए-बी-सी तिन्ही अक्षरं असली की प्रश्न मिटला. मागवण्याआधी मित्राला पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगा.

म्हणून माझा सल्ला असा. फिल्मवरून नव्याने केलेली, तुमच्या प्लेअरवर चालणारी ब्लू-रे मिळाली तर ती घ्या, कुठल्या देशाची आहे याने फार बिघडत नाही. तशी नसेल तर लंडनहून पाल डीव्हीडी मागवा, एका डिस्कवर एकच कथा असलेली. इंद्रधनुष्य कदाचित तिच्यातही राहील. दोन डोकी जातील, ९६ ओळी परत मिळतील. न्यू जर्सीहून पुन्हा डीव्हीडी मात्र मागवू नका. बहिणीला दुसरं काही आणायला सांगा.

पाकिटावरचं आणखी एक वाक्य तपासा. चित्र ४:३, म्हणजे जुन्या टीव्हीच्या कमी रुंद आकाराचं आहे ना? रुंद टीव्ही भरावा म्हणून जुन्या मालिका कधी कधी १६:९ मध्ये कापतात. तसं केलं की उंचीचा चौथा हिस्सा जातो, बहुधा थोडा वरून, थोडा खालून. गालिच्यावरचं प्रेत चौकटीच्या खालच्या भागात असतं, हे वेगळं सांगायला नको. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. टीव्हीवरही 'झूम' किंवा 'वाइड' न ठेवता मूळ आकार ठेवा. आवाज मूळचा एकमार्गी, म्हणजे मोनो आहे. पाच स्पीकरांत वाटलेला आवाज दिला असेल आणि मूळचा दिला नसेल, तर ती जाहिरात समजा.

स्ट्रीमिंगवर दिसली तर पाहायला हरकत नाही, पण तिथे अंधाऱ्या भिंतींवर पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे पडतात. यंत्रबुद्धीने 'फोर के' केलेल्या ज्या प्रती फिरतात, त्यांच्यापासून मात्र लांब राहा. ती यंत्रं तपशील शोधत नाहीत, बनवतात. चेहऱ्याला नवी कातडी येते, पत्रावरच्या अक्षरांच्या जागी अक्षरांसारखं काहीतरी उमटतं, बोटांना नसलेली नखं फुटतात. रहस्यकथेत हा सरळसरळ खोटा पुरावा आहे.

नवी प्रत हातात आली की पूर्ण मालिका पाहायच्या आधी तीन ठिकाणं तपासा. संगणकावर व्हीएलसीमध्ये 'ई' हे बटण दाबत गेलं की एकेक चौकट पुढे सरकते. एखादा चालत्या माणसाचा प्रसंग असा पाहा. प्रत्येक चौकटीत एकच स्वच्छ आकृती हवी, दोन नकोत, कडेला कंगव्याचे दातही नकोत. दात दिसले तर घाबरू नका, आधी डीइंटरलेस ही अर्धचित्रं सांधणारी सोय चालू-बंद करून पाहा. मग या कथेतल्या जळत्या मोटारीपाशी या. आग आणि धूर हे दाबून लिहिलेल्या चित्राचे शत्रू. तिथे चौकोनी ठोकळे दिसले तर डिस्कला जागा पुरलेली नाही. तिसरं, हिक्सनबाईंचा जवळून घेतलेला कुठलाही शॉट. त्या गप्प बसून समोरच्याचं ऐकत असतात तेव्हा अभिनय सगळा डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांत असतो. तिथे मेण दिसलं तर प्रत परत करा.

हे सगळं तपासायच्या आधी टीव्हीची धार शून्यावर आणा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. नाहीतर फिल्मवरची मालिका 'क्लाउड्स ऑफ विटनेस'च्या स्टुडिओतल्या प्रसंगासारखी दिसेल आणि तुम्ही चांगली डिस्क परत पाठवाल. प्लेअरचं आउटपुट 'सोर्स डायरेक्ट' ठेवा म्हणजे २५चं २५च पोचतं. तो पर्याय नसेल तर हाताने ५० हर्ट्झ निवडा.